नडगीवरच्या दुखऱ्या गाठी



मागच्या वर्षी गटाच्या बैठकीत आमच्या एक वहिनी पाय लांब करून बसल्या. मांडी घालताच येईना. साडी जरा वर सरकवली, तर दोन्ही नडग्यांवर बोराएवढ्या लालसर गाठी. हात लागला तरी कळ मस्तकात जायची. आम्हीच म्हणालो, "उष्णता झालीय, चंदनाचा लेप लावा." पंधरा दिवस लेप झाला. जुन्या गाठी बसेपर्यंत नव्या उठल्या. शेवटी आशाताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "घसा दुखला होता का? खोकला, ताप आहे? वजन उतरलंय? कुठल्या गोळ्या चालू आहेत?" पाय दुखतोय आणि हे घशाचं काय विचारतात, असं आम्हाला वाटलं. मग त्यांनी समजावलं. या दुखण्याला इरिथेमा नोडोसम म्हणतात. कातडीखालच्या चरबीला सूज येते. ही बहुधा शरीरात दुसरीकडे चाललेल्या आजाराची खूण असते. घशाचा संसर्ग, क्षयरोग, आतड्याचा आजार, काही औषधं, पाळणा लांबवायच्या गोळ्या, गरोदरपण, अशी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. कुष्ठरोगातही दुखऱ्या गाठी उठतात, हातांवर आणि चेहऱ्यावरसुद्धा. तेव्हा चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत, लगेच डॉक्टरांना दाखवावं.

वहिनींच्या तपासणीत क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यात सहा महिने मोफत औषध मिळालं, त्या बऱ्या झाल्या. आमच्या लेपाने मात्र त्यांचे पंधरा दिवस गेले.

गाठी सहसा तीन ते सहा आठवड्यांत मुका मार लागल्यासारख्या काळ्यानिळ्या होऊन ओसरतात. तोवर विश्रांती घ्या, पाय उशीवर उंच ठेवा आणि दुखणं थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर असाल तर आधी सांगा. गाठी दाबू नका, फोडू नका. दुकानातून स्टेरॉइड आणून खाऊ नका. आत क्षयरोग असेल तर तो बळावतो. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, काळपट-जांभळट डाग दिसतो. म्हणून हात लावून पाहा.

एकच पाय सुजला, गरम झाला, लाली पसरू लागली किंवा पोटरी दुखू लागली, तर ते दुखणं वेगळं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता आमच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की आम्ही एकमेकींना विचारतो, "कुणाला काही दुखतंय का?" तुम्हीही विचारा. आणि उपाय सांगण्याआधी तिच्याबरोबर दवाखान्यात जा.