पीडीएफ वाचून मगच छापायला द्या

शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरी या व्यापारपेठेत, गुळाचा रवा पाहिल्याशिवाय सौदा होत नाही हे मी सांगायला नको. पण पदरमोड करून स्वतःचं पुस्तक काढणारे आपले लेखक पीडीएफ न उघडताच ‘छापा’ म्हणून मोकळे होतात.

पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं, म्हणून ॲडोबीने १९९३ साली पीडीएफ आणली. फाइलमध्ये फॉण्ट भरलेला असेल तरच ते साधतं. आपल्याकडे पुष्कळ मजकूर अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टांत आहे. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉण्ट सोबत गेला नाही, तर छापखान्याच्या पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘फॉण्ट्स’ बघा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ हवं.

हाच मजकूर युनिकोडमध्ये वळवला की मार बसतो तो अर्ध्या ‘र’ला. ‘दऱ्या ओलांडून पन्हाळा गाठला’ असं तुम्ही लिहिलेलं असतं, फाइलमध्ये होतं ‘दर्या ओलांडून’. पन्हाळ्याला समुद्र येतो! शब्द दोन्ही खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीलाही काही खटकत नाही. म्हणून शेवटचं मुद्रितशोधन वर्डच्या फाइलवर करू नका, पीडीएफवरच करा, आणि तेही कागदावर काढून. रफार, जोडाक्षरं आणि पानाच्या कडेला तुटलेले शब्द यांवर बोट ठेवून वाचा.

काळ्या रंगाचंही तसंच. पडद्यावरचा काळा कधीकधी चार रंगांच्या मिश्रणाचा असतो. छापताना रंग केसभर सरकले तरी बारीक अक्षराला सावली पडते. मजकूर फक्त काळ्या शाईचाच हवा. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआयचे घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला आजोबांचा फोटो मुखपृष्ठावर टाकू नका.

मुखपृष्ठाची रंगीत पार्श्वभूमी कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जाऊ द्या, नाहीतर कडेला पांढरी रेघ उरते. पुस्तकाची पाठ अंदाजाने ठरवू नका. १६० पानं म्हणजे ८० कागद, कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर पाठ ८ मिलिमीटर. फॉर्मा १६ पानांचा असेल तर १६४ पानांचं पुस्तक चार पानांसाठी पुढच्या फॉर्म्यात जातं. प्रस्तावना आवरली तर वाचकही दुवा देईल.

ऐनवेळी चूक सापडली तर ती मूळ फाइलमध्ये सुधारून पीडीएफ नव्याने काढायला सांगा. पीडीएफमध्येच ठिगळ लावलं, तर मूळ फाइलमध्ये चूक तशीच राहते. आणि डीटीपीवाल्याचा हिशेब चुकता करताना ती उघडी फाइल, फॉण्ट आणि चित्रांसकट, मागून घ्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तीच लागते.