वनौषधी असली, तरी खरखर ती खरखरच

‘वनौषधींची पेस्ट आहे, म्हणजे सौम्यच असणार’ असं आपण सगळ्याजणी धरून चालतो. पण दात घासण्याचं काम त्यातला कडुनिंब किंवा लवंग करत नाही. ते करते खडूची भुकटी किंवा सिलिका. लाल दंतमंजनात तर बऱ्याचदा गेरू असतो. कण जितके जाड आणि टणक, तितकी झीज जास्त. ही झीज मोजायचं माप आहे आरडीए. त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा २५० आहे. पण वेष्टनावर हा आकडा सहसा नसतो.

दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. हिरडी खाली सरकली, तर मुळाचा मऊ भाग उघडा पडतो आणि तो आणखी लवकर झिजतो. मग गार पाण्याचा घोटही झणझणतो.

म्हणून घरातलं मंजन चिमटीत चोळून पाहू. वाळूसारखं कचकचलं, तर बाजूला ठेवू. ब्रश मऊ घेऊ, हात हलका ठेवू. राखुंडी सोडू, आणि मिश्री तर सोडूच. ती तंबाखूच आहे. दात शिवशिवत राहिले, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवू.