पावती आधी, पट्टी नंतर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "संगणकात काय करतोस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." आपल्यापैकी कितीतरी जण मार्केट यार्डातल्या गाळेवाल्यांच्या, हमालांच्या, तोलणारांच्या घरांतले. त्यामुळे उदाहरणासाठी मला लांब जायला नको.

रात्री भाजीची गाडी यार्डात येते. गेटवर आवकेची नोंद होते आणि गाडी आत जाते. मग माल उतरतो, विक्री होते, वजन होतं आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. यात काही तास जातात. पट्टी होईपर्यंत प्रत्येक गाडी गेटवरच उभी ठेवली तर? मागची रांग गंगाधाम चौकापर्यंत जाईल, आणि आत हमाल रिकामे बसतील.

वेबसाइटचंही असंच आहे. सर्व्हरला एका वेळी ठरावीक जोडण्याच सांभाळता येतात. बरीचशी कामं क्षणात होतात. पण हजारो खात्यांचा अहवाल काढायचा असेल, तर काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ ग्राहकाला दारात ताटकळत ठेवलं, की जोडण्या अडकतात आणि नव्या माणसाला दार उघडत नाही. आपण म्हणतो, "सर्व्हर डाउन आहे." पुष्कळदा तो कामाने नाही, अशा खोळंब्याने बसलेला असतो.

उपाय गेटवरचाच आहे. मागणी घ्या, रांगेत लावा, लगेच क्रमांक द्या. वेबच्या नियमावलीत यासाठी २०२ हा संकेत १९९६ सालापासून आहे. त्याचा अर्थ, "काम स्वीकारलं आहे, पूर्ण झालेलं नाही." मग ग्राहकाने त्या क्रमांकावर विचारावं: रांगेत आहे, चालू आहे, झालं की फसलं? मागच्या बाजूला कामकरी प्रोग्रॅम रांगेतून एकेक काम उचलतात. आवक वाढली की हमालांची आणखी एक टोळी बोलवावी, तसे ते वाढवायचे.

आपण रोज वापरतो ते यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झालं. तेही याच रीतीने चालतं. मागणी पोहोचल्याची पोच लगेच मिळते, खरं उत्तर मागाहून वेगळं येतं. मधल्या काळात मोबाइलवर 'प्रलंबित' दिसतं.

खरी कसोटी इथेच लागते. उत्तर आलं नाही म्हणून माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि दिवसभराची मजुरी दोनदा कापली जाऊ शकते. म्हणून मागणीचा क्रमांक बटण दाबण्याआधीच ठरलेला असावा. तोच क्रमांक परत आला, तर काम पुन्हा न करता आधीचंच उत्तर द्यावं. मध्येच वीज गेली आणि अर्धवट काम रांगेत परत आलं, तरी हाच नियम वाचवतो.

दुसरं, मुदत हवी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला. यूपीआयने एकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत मिळाले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

तिसरं, रांगेला मर्यादा हवी. आत जागा नसेल, तर गेटवरच "आत्ता नाही, थोड्या वेळाने या" म्हणावं. पावती देऊन माल हरवण्यापेक्षा ते बरं.

इथे बसलेल्या, संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगतो. तुमच्या पडद्यावरच्या 'प्रलंबित' या शब्दामागे कुणाची तरी फी, कुणाचं पीककर्ज, कुणाचं परतीचं गाडीभाडं अडलेलं असतं. थांबायला लावाल त्याला क्रमांक द्या, स्थिती कळवा, मुदत सांगा आणि ती पाळा. यार्डात अडत्याची पत पट्टीवर ठरते, तशी आपली यावर ठरेल.