पालकांचा घटस्फोट आणि अपत्यांची विवाहदृष्टी



घटस्फोटाची चर्चा पती-पत्नीभोवतीच फिरते. मुलांचा प्रश्न निघतो तो ताबा कोणाकडे आणि खर्च कोणी द्यावयाचा, एवढ्यापुरताच. मूल अठरा वर्षांचे झाले की ताब्याचा विषय संपतो. त्या मुलाच्या मनातील प्रश्न मात्र त्यानंतर, स्वतःच्या विवाहाची वेळ येते तेव्हा, डोके वर काढतो.

हे ठळकपणे मांडले अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी. कॅलिफोर्निया राज्यात १९७० पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोजवळील मरीन काउंटीतील ६० कुटुंबांच्या १३१ मुलांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला आणि तो २५ वर्षे चालविला. मुले लवकरच सावरतील, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात अनेकांना खरा त्रास झाला तो तारुण्यात, जोडीदार निवडताना. मतभेद होताच, आता सर्व संपणार, असे भय त्यांना वाटे. कारण भांडण होऊनही संसार टिकतो, हे त्यांनी घरात पाहिलेलेच नव्हते. कोणी विवाह लांबणीवर टाकला, कोणी अविचाराने उरकला. त्यांना विवाहाची किंमत नव्हती असे मात्र नाही. टिकणारा संसार त्यांना मनापासून हवा होता. तो आपल्या वाट्याला येईल, यावर विश्वास नव्हता.

परंतु एकाच बाजूने निवाडा करणे अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या समाजाला शोभणारे नाही. वॉलरस्टीन यांनी निवडलेली कुटुंबे थोडी व सुस्थितीतील होती. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १४०० कुटुंबांच्या अभ्यासावरून २००२ मध्ये दाखविले की, बहुसंख्य मुले कालांतराने सावरतात. गंभीर अडचणी राहतात त्या सुमारे २० ते २५ टक्के मुलांत, आणि एकत्र राहिलेल्या कुटुंबांतही हे प्रमाण सुमारे १० टक्के असतेच. पॉल अमॅटो व ॲलन बूथ यांचा १९९७ मधील निष्कर्ष अधिक मार्मिक आहे. तीव्र कलहाच्या घरातील मुलांचे पालक विभक्त झाल्याने हितच झाले. वरकरणी शांत घर मोडले तेव्हा मात्र घाव खोल गेला. कलह पाहिलेल्या मुलाला निदान कारण तरी ठाऊक असते.

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्यात परस्परसंमतीचा मार्ग आला. वधू-वर परिचय पुस्तिकेत 'आई-वडील विभक्त' अशी नोंद दिसली की पान उलटले जाते. मुलगी सुशिक्षित, सुस्वभावी. तरी 'घरचे वळण' आडवे येते. आधीच धास्तावलेल्या मनाची भीती खरी ठरविण्याचे काम मग समाजच करतो! या भयाने काही घरे ती नोंदच टाळतात. हे तर अधिक घातक. बोलणी साखरपुड्यापर्यंत आल्यावर गोष्ट बाहेर पडते आणि दोष घटस्फोटाचा न राहता लपवाछपवीचा होतो. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत त्या मुलाला अथवा मुलीला स्वतः बोलू द्यावे. घर मोडताना त्यांनी काय पाहिले आणि आपल्या संसारात काय टाळावयाचे ठरविले, हे शांतपणे ऐकून घ्यावे.

विवाह ठरल्यावरही पत्रिकेवर नावे कोणाची, विधीला कोण बसणार, हे प्रश्न उभे राहतातच. ते दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी आपसात मिटवावयाचे असतात. बहुतेक वेळा ते त्या मुलीवरच सोडले जातात.