हरभऱ्याच्या मुळाशी



हरभरा हे ओलीवर वाढणारे पीक. पाऊस परतल्यावर त्याची पेरणी होते आणि जमिनीने पावसाळ्यात साठवलेल्या ओलाव्यावरच बहुतेक ठिकाणी त्याला दिवस काढावे लागतात. घाटे भरण्याच्या ऐन वेळी वरचा थर कोरडा पडला, की दाणा बारीक राहतो आणि शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कोलमडते.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जनुकपेढीत हरभऱ्याचे हजारो वाण जतन केलेले आहेत. त्यांतील ‘आयसीसी ४९५८’ हा वाण जोमदार मुळांमुळे अवर्षणात तग धरतो. मात्र हा गुण नव्या वाणात उतरला की नाही, हे पाहण्यासाठी मुळे खणून, धुऊन मोजावी लागत. ज्या रोपाची परीक्षा घ्यायची, तेच उपटावे लागे.

जनुकसंचाच्या अभ्यासाने ही अडचण दूर केली. २०१३ साली हरभऱ्याच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात २८ हजारांहून अधिक जनुके नोंदली गेली. अवर्षणसहनाशी निगडित अनेक गुण एकत्र नांदणारा एक पट्टाही चौथ्या गुणसूत्रावर निश्चित झाला. आता कोवळ्या रोपाचे पान तपासले, तरी तो पट्टा त्यात आला आहे की नाही हे कळते. याच रीतीने दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘पुसा ३७२’ या वाणात तो संकराने आणला गेला आणि २०१९ साली ‘पुसा १०२१६’ हा वाण प्रसारित झाला. त्यात परक्या जीवाचे जनुक नाही. हरभऱ्याचेच हरभऱ्याला दिलेले आहे.

या यशाला मर्यादाही आहेत. उथळ, मुरमाड जमिनीत खाली ओलच नसेल, तर जोमदार मूळ तरी काय शोधणार? बांधबंदिस्तीचे आणि पाणी मुरवण्याचे काम बियाणे करू शकत नाही.

तरीही या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट प्रयोगशाळेच्या आधी घडली होती. ‘आयसीसी ४९५८’ जपून ठेवला नसता, तर त्यातील पट्टा कोणी शोधला असता? विज्ञान जुने बी वाचू शकते; हरवलेले बी परत आणू शकत नाही. म्हणून ज्यांच्या गावाकडे आजी-आजोबांच्या काळचे घरचे बी अद्याप पेरले जाते, त्यांनी ते नाव, गाव आणि गुणांच्या नोंदीसह जवळच्या कृषी विद्यापीठाच्या नजरेस आणावे. उद्याच्या दुष्काळाचे उत्तर कदाचित त्याच मूठभर दाण्यांत असेल.