परदेशातील नोकरी आणि गावातील कागद



जर्मनीत कुशल कामगारांची टंचाई आहे, ही वार्ता आता तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा जर्मन सरकारने केली. परंतु जागा रिकामी असणे आणि ती परकीयास मिळणे, यांत मोठे अंतर आहे. आणि त्या अंतराचा बराचसा भाग इथल्याच गावांत पडलेला आहे.

जर्मनीत बहुतेक धंद्यांचे शिक्षण कारखान्यात व शाळेत एकाच वेळी होते. तीन-साडेतीन वर्षांच्या या शिक्षणाला तेथे ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात, आणि मालक माणसाची पारख प्रथम त्या प्रमाणपत्रावरून करतो. परकीयाच्या शिक्षणाची त्याच्याशी तुलना करून मान्यता देण्याचा कायदा २०१२ मध्ये अमलात आला. परिचारिकेला अशा मान्यतेवाचून परिचारिका म्हणून काम करताच येत नाही. तिने घेतलेल्या शिक्षणाचे विषय व तास मोजले जातात. उणीव आढळल्यास पूरक प्रशिक्षण घ्यावे लागते किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर, येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केलेली स्त्री तेथे मदतनीसाच्या कमी वेतनावर राबते.

इतर अनेक धंद्यांसाठी मार्च २०२४ पासून वाट थोडी सुकर झाली. मायदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, मागील पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक वेतनाची नोकरी हाती असल्यास पूर्ण मान्यतेची अट लागत नाही. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा विद्युततंत्री किंवा जोडारी या चौकटीत बसू शकतो. एक वर्षाचा संधाता केवळ त्या प्रमाणपत्रावर बसत नाही. पंधरा वर्षे उत्तम बांधकाम केलेला, पण हाती कागद नसलेला गवंडी तर त्या कायद्याच्या लेखी अकुशलच!

भाषेचा प्रश्न वेगळाच. परिचारिकेकडून साधारणतः ‘बी-२’ पातळीची जर्मन अपेक्षित असते. शिवाय वर्गात शिकलेली भाषा आणि कारखान्यातील मुकादमाची स्वाबियन बोली यांत फरक आहे. पुस्तकी मराठी शिकलेल्या परप्रांतीयाने एकदम मालवणी ऐकावी, तशी गत होते.

नोकरी मिळाली तरी पाय स्थिरावतातच असे नाही. ती मुदतीपूर्वी सुटल्यास दोन आठवड्यांच्या आत परकीय नागरिकांच्या कार्यालयास कळवावे लागते, आणि निवासाची मुदतही घटविली जाऊ शकते. काम गेलेला स्थानिक माणूस भाड्याची चिंता करतो. परकीयाला देशात राहण्याच्या हक्काचीच चिंता पडते. पहिली मिळेल ती नोकरी कमी पगारावरही तो का स्वीकारतो, हे यावरून ध्यानी यावे.

येथील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांना जर्मन कायदा बदलता येणार नाही. पण अर्जदाराचे नाव जन्मनोंदीत एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुसरे आणि पारपत्रात तिसरे असेल, तर ती विसंगती दूर करण्याची सुरुवात ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या दप्तरातूनच करावी लागते. छोट्या कारखान्यात रोखीने वेतन घेणाऱ्या मुलाने कामाचे स्वरूप, तारखा व मालकाची सही असलेले अनुभवपत्र त्याच वेळी मागून घ्यावे. कारखाना बंद पडल्यावर ते कोण देणार? आय.टी.आय.च्या प्राचार्यांनीही नुसते गुणपत्रक न देता विषयवार तासांचा तपशील शिक्क्यानिशी द्यावा. जर्मनीतील परीक्षक गुणांपेक्षा आधी तेच पाहतो.