पांढरा चेंडू थांबतो कुठे?

श्रोतेहो, पूल म्हणजे गोदावरीवरचा नव्हे. सहा पॉकेटांच्या टेबलावर पांढऱ्या चेंडूने रंगीत चेंडू पाडायचे, तो खेळ. मुलाला शोधत मी कॉलेज रोडवरच्या एका पार्लरमध्ये शिरलो, ते रागावण्याच्या तयारीनेच. त्याने काठी, म्हणजे क्यू, माझ्याच हातात दिली. पन्नाशीत हा खेळ शिकलो तो असा.

मध्यंतरी त्याच्याशी खेळताना शेवटचा, आठ नंबरचा काळा चेंडू मी झोकात पाडला. पाठोपाठ पांढराही पॉकेटमध्ये गेला. नियमाप्रमाणे डाव हरलो. "बाबा, तुम्ही सगळेच जोरात मारता," तो म्हणाला. घरातले मतही फारसे वेगळे नाही.

रंगीत चेंडू पाडणे हा अर्धाच खेळ. पांढरा कुठे थांबतो, यावर पुढचा फटका ठरतो. म्हणून आता मी आधी रिकाम्या टेबलावर एकटा पांढरा घेतो. पलीकडे एक पोस्टकार्ड ठेवायचे आणि चेंडू बरोबर त्यावर थांबवायचा. मग समोरच्या कुशनवर आपटून परत आलेला चेंडू आपल्या बाजूच्या कुशनजवळ थांबवायचा. दिसायला पोरखेळ, पण घाम निघतो. वेग दुप्पट केला की चेंडू दुप्पट नव्हे, साधारण चौपट लांब जातो. अंदाज फसतो तो इथेच. त्यामुळे मी जोर मोजत नाही, क्यू किती मागे घेतला ते मोजतो: चार बोटे की वीतभर. त्यात आपला नाशिकचा पावसाळा! कापड ओल धरते आणि चेंडू लवकर दमतो. उन्हाळ्यात तोच फटका कितीतरी पुढे जातो. कालचा हात आज चालेलच असे नाही.

या हलक्या हातावर पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. बिलियर्ड्सचे टेबल बारा फुटी, चेंडू मात्र तीनच. ते एकमेकांपासून फार लांब जाऊ न देता गुण जमवत राहायचे. तिथे जोरकस फटक्याचे कौतुक कुणाला?

मुलगा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बंगळुरूला जातो आहे. गेल्या रविवारी पोस्टकार्डावर माझा चेंडू दहापैकी चार वेळा थांबला, त्याचा सहा वेळा. अजून तीन रविवार हातात आहेत.